घेऊ की परत पाठवू

त्या पत्राला सात दिवसांच्या आत उत्तर जायला हवं होतं. मी ते पाठवलं नाही. या गोष्टीला एकवीस वर्षं झाली, मी आता शहात्तर वर्षांचा आहे, आणि माणसाला या वयात जे विसरता येतं त्यात ही गोष्ट बसत नाही.

पत्र आलं त्या सकाळी मी ओसरीवर आरसा टेकवून दाढी करत होतो. डिसेंबरातला शनिवार होता. आमच्याकडे टपाल म्हणजे एखादं मासिक, नाहीतर पुण्याच्या पुस्तकवाल्याची यादी. हे आंतरदेशीय पत्र होतं आणि पत्त्यातल्या प्रत्येक शब्दावर पट्टीने रेघ ओढलेली होती. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून मी ते फोडलं.

"ती. तांबट भाऊसाहेब यांस सा. न. वि. वि. पत्र लिहिणार रोहिणी अंकुश खरमाटे, इयत्ता चौथी. सांगणार माझी आई मालन. पत्र लिहिण्यास कारण की, माझ्या पप्पांची मनिऑर्डर आली आहे. पोटगीचे चारशे रुपये. आईने अजून घेतली नाही. मुलाणी मामा म्हणाले पोस्टात सात दिवस थांबते, मग परत जाते. मागच्या वर्षी आईने परत पाठवली तर पप्पांनी कोर्टात सांगितले की हिला पोटगी नको आहे. शेजारच्या नंदाकाकूने तिची घेतली तर तिचे निराधारचे पैसे बंद झाले. तरी घेऊ की परत पाठवू ते लवकर कळवावे. आई म्हणते भाऊसाहेब पुस्तके वाचतात त्यांना माहीत असेल. आई म्हणते हे लिहू नको. लिहिले आहे."

तेव्हा मी तहसील कचेरीत निराधार योजनेच्या शाखेत अव्वल कारकून होतो. ज्यांना कोणी नाही अशा म्हाताऱ्यांना, अपंगांना, विधवांना आणि नवऱ्याने टाकलेल्या बायकांना सरकारकडून महिन्याला अडीचशे रुपये मिळत. मालनचा अर्ज दोन वर्षांपूर्वी मीच भरला होता. ती बोरखडीची. शाळेत मुलांची खिचडी शिजवायची, उरलेल्या वेळात मिळेल तिथे खुरपायला जायची. नवरा अंकुश शेजारच्या जिल्ह्यात टेम्पो चालवत होता आणि तिथेच त्याने दुसरं घर केलं होतं. कोर्टात तिने स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. माझं मी बघते, पोरीचं त्याने बघावं, असं न्यायाधीशांना सांगितल्याचं ती अर्ज भरताना मला बोलली होती. तिचं ते बोलणं मला इतकं आवडलं की, काही अडलं तर विचारा, असं म्हणून मी माझ्या घरचा पत्ता पावतीच्या मागे लिहून दिला. कचेरीचा दिला नाही. कचेरीत विचारायला आलेल्या माणसाचं काय होतं ते मला रोज दिसत होतं.

कोर्टाने मुलीला दरमहा चारशे रुपये लावून दिले होते. अंकुश ते पाठवत नव्हता. वर्षातून एकदाच, डिसेंबरात, एका महिन्याची मनिऑर्डर करायचा. डिसेंबर हा आमचा तपासणीचा महिना. त्या महिन्यात तालुक्यातल्या सगळ्या निराधारांनी कागद घेऊन यायचं, आणि ज्या बाईला नवऱ्याकडून काही आल्याचं दिसेल तिच्या नावापुढे "पोटगी सुरू" असा शेरा मारून अनुदान थांबवायचं, अशी आमच्याकडची रीत होती. रीत कोणी पाडली हे कोणालाच ठाऊक नव्हतं. अंकुशला ही युक्ती कोणी शिकवली कोण जाणे. पैसे घेतले तर सरकार हात काढून घेणार, नाही घेतले तर बाप सुटणार. दोन्हीकडून मुलगीच मरणार.

मी त्याच दुपारी उत्तर लिहायला बसलो. "सौ. मालन" असं लिहिलं आणि अडलो. टाकलेल्या बाईला सौ. लिहावं की श्रीमती, यावर माझा अर्धा तास गेला. मग वाटलं, आपण काय लिहितोय? उद्या आपलं उत्तर चुकलं तर? आपण साधे कारकून. साहेब निर्णय घेतात, योजनेची समिती निर्णय घेते. माझी बायको कुसुम दाराशी येऊन म्हणाली की पत्र लिहिताय की लग्नाची यादी करताय. मी कागद घडी करून ठेवला. रविवारी वाचनालयात जाऊन बसलो आणि एका प्रवासवर्णनाची चाळीस पानं वाचली, त्यातला एक शब्दही डोक्यात शिरला नाही. सोमवारी कचेरीत गेलो. मग मंगळवार, बुधवार. आठवडा संपला.

तपासणी पुढच्या मंगळवारी होती. व्हरांड्यात बायका-म्हातारे सकाळपासून रांग धरून होते, प्रत्येकाच्या हातात कापडदुकानाची पिशवी आणि पिशवीत कागद. आमचे नायब तहसीलदार सावळकर खुर्चीत बसले होते आणि मी शेजारी उभा राहून एकेक फाईल पुढे करत होतो. सावळकर वाईट माणूस नव्हते. दोन रुपये खाल्ल्याचं कोणी कधी ऐकलं नाही. फक्त त्यांना काम संपवायची घाई असायची आणि ती घाई ते विनोदाने झाकायचे. माझ्या वाचण्यावर त्यांचा विशेष लोभ होता. फाईल सापडायला उशीर झाला की विचारायचे, "काय तांबट, वाचनालय आज बंद का?"

मालन दुपारी आली, शाळेतली खिचडी आटपून. तिच्या पदराला अजून फोडणीचा वास होता. ती काही बोलण्याआधीच, फाईल न उघडता, सावळकर म्हणाले, "मनिऑर्डर घेतली ना?"

ती थबकली. मग म्हणाली, "घेतली. शेवटच्या दिवशी घेतली. सांगायलाच आलीये."

"आमच्याकडे माहिती आहे सगळी. नवरा पोसतोय, मग तुम्ही निराधार कशा? सरकारचे पैसे काय वर आलेत?"

"साहेब, वर्साचे म्हैने बारा. त्येनं धाडला एक. त्यो बी तुमच्या तपासणीच्या तोंडावर."

"मग हे कोर्टात सांगा."

"सांगितलं की. तितं त्येचा वकील म्हनला, हिला सरकार देतंय, पोरीची रक्कम कमी धरा. धरली कमी. हितं तुमी म्हनताय नवरा देतोय. दोन घरचा पाव्हणा उपाशी, तशी गत झाली माझ्या पोरीची."

रांगेतली एक म्हातारी खुदकन हसली. सावळकरही हसले. "म्हण छान आहे. आमच्या तांबटांना सांगा, ते वहीत उतरवून घेतात."

"म्हण ऱ्हाऊ द्या," मालन म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "बंद करताय ना, मग तसं लिहून द्या. का बंद केलं त्ये बी लिहा. मी त्यो कागद कोर्टात ठेवते. बापाच्या एका म्हैन्यानं पोरीचं वरीस कसं खाल्लं, ते जजसाहेबास्नी दिसू द्या."

सावळकरांचं हसू जरा ओसरलं. लेखी मिळेल, यथावकाश टपालाने येईल, असं ते म्हणाले.

"टपालाचा भरवसा न्हाई ऱ्हायला मला," ती म्हणाली. "मी बसते."

आणि ती बसली. व्हरांड्यात सूचनाफलकाखाली फरशीवर, पिशवी मांडीवर घेऊन. साडेपाचला कचेरी बंद झाली तेव्हा उठून गेली. दुसऱ्या दिवशी अडीचला पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही. ती कोणाशी भांडत नव्हती, कोणाला अडवत नव्हती. कोणी विचारलं तर म्हणायची, कागद घ्यायचाय. शिपाई तिला "कागदवाली" म्हणू लागला. आमच्या आवक-जावक टेबलावरच्या बारटक्केबाई मला म्हणाल्या, "तांबट, तुमची पाहुणी आली बघा, चहा तरी सांगा." मी फाईलमध्ये डोकं घातलं. माझ्या टेबलावरून खिडकीतून तिचा एक पाय आणि तुटकी चप्पल दिसायची. मी खुर्ची फिरवून घेतली.

चौथ्या दिवशी, शुक्रवारी, मुलाणी पोस्टमन माझ्याकडे आला. बोरखडीकडची चार गावं त्याची. मोठा अबोल माणूस, पण त्या दिवशी त्याचा चेहरा उतरला होता. तो टेबलाच्या कडेला उभाच राहिला.

"भाऊसाहेब, तीस वर्सं टपाल वाटतोय. लोकाच्या उघड्या कार्डावरली ओळ बी कधी वाचली न्हाई. आन् ती मालन म्हनती, मनिऑर्डरची चुगली मी कचेरीत केली. मी दिसलो की दार लोटून घेती. तिच्या मागनं आता गावातल्या बाया बी तसंच बघत्यात. पोरगी मामा मामा करायची, ती बी गप झाली." त्याने टपालाची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "तुमी आतले. साहेबास्नी कुनी सांगितलं, तेवढं काढून द्या."

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. राहिली म्हणणं खोटं आहे, मी ती टाळत आलो.

त्या सोमवारी, पत्र आल्यावर दोन दिवसांनी, मी ते कचेरीत घेऊन गेलो होतो. घरी उत्तर लिहिण्याचं धाडस नव्हतं आणि पत्र खिशात घेऊन फिरणंही जमत नव्हतं. मला वाटलं, हे शेवटी कचेरीच्या कामाचंच पत्र आहे. त्याला आवक क्रमांक पडला की त्याचं उत्तर कचेरी देईल, सही साहेबांची असेल, चूक झाली तरी साहेबांची. म्हणून मी ते बारटक्केबाईंच्या टपालाच्या गठ्ठ्यात सरकवलं. त्यांनी शिक्का मारला, नोंद केली आणि सावळकरांपुढे ठेवलं. सावळकरांनी पत्रातलं "मनिऑर्डर आली आहे" एवढंच पाहिलं. समासात लिहिलं, "पोटगी सुरू. अनुदान बंद करावे." पुढचा प्रश्न त्यांनी वाचला की नाही मला माहीत नाही. ती चौथीतली मुलगी पट्टीने रेघा ओढून विचारत होती की काय करू, आणि मी तिचा प्रश्नच तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखल करून टाकला होता. नोंद नंबर, तारीख, सगळं व्यवस्थित. माझ्या हातून आयुष्यात जेवढी भित्री कामं झाली ती सगळी अशीच नियमाला धरून झाली.

मुलाणीला मी म्हणालो, बघतो. तो गेला. मी पाणी प्यालो. मग उठून व्हरांड्यात गेलो आणि सूचनाफलकाखाली मालनपासून दोन हातांवर उभा राहिलो. कचेरीतल्या सगळ्यांच्या नजरा माझ्या पाठीवर आहेत असं वाटत होतं. बहुधा कोणीच बघत नव्हतं.

"बाई, मुलाणींनी सांगितलं नाही," मी म्हणालो. "माझ्यामुळे कळलं."

तिने वर पाहिलं. मी सगळं सांगितलं. घाईत सांगितलं, मध्येच वाक्यं मोडली. ती ऐकत राहिली. ती रडेल, ओरडेल, शिव्या देईल, याची मी तयारी केली होती. ती म्हणाली, "म्हंजी पत्र पोचलं तर."

"पोचलं."

"मला वाटलं पत्ता चुकला. पोरीला म्या एक धपाटा घातला, नीट लिहिला नसशील म्हनून."

मग तिनेच विचारलं, "भाऊसाहेब, एक सांगा. म्या इचारलं हुतं, घेऊ का परत धाडू. त्येचं उत्तर तुमाला ठावं हुतं का न्हवतं?"

इतक्या वर्षांत मला कोणी असा सरळ प्रश्न विचारला नव्हता. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात शासनाची जुनी परिपत्रकं होती. कचेरीत ती वाचणारा मी एकटाच. त्यांतल्या एकात स्पष्ट लिहिलं होतं की, पोटगी मंजूर झाली किंवा एखाददुसरा हप्ता आला एवढ्यावरून अनुदान थांबवू नये, पैसे नियमित मिळत असल्याची चौकशी करून खात्री करावी आणि तोवर अनुदान चालू ठेवावं. त्या ओळीखाली मी दोन वर्षांपूर्वी शिसपेन्सिलीने रेघ ओढली होती. म्हणजे पैसे खुशाल घ्या, आणि घेतल्याचं आम्हाला कळवा, एवढंच उत्तर होतं. दोन ओळींचं. पत्र हातात पडलं त्या शनिवारीच, दाढीचा साबण वाळायच्या आत, ते मला आठवलं होतं. मग वाटलं होतं, आपल्याला एकट्यालाच हे कळतं आणि एवढ्या मोठ्या कचेरीत कोणालाच कळत नाही, असं कसं होईल? नक्की आपलंच काहीतरी चुकत असणार.

"ठावं होतं," मी म्हणालो.

"मग तेवढं लिहून द्या. साहेब देत न्हाई ते मी बघते. तुमी तुमचं द्या." ती पिशवी उचलून उभी राहिली. "आन् कवापास्नं ठावं हुतं त्ये बी लिहा."

ती त्या दिवशी साडेपाचपर्यंत थांबली नाही. मला वाटलं, तिचा माझ्यावर विश्वास बसला म्हणून गेली. नंतर कळलं, ती मुलाणीच्या घरी गेली होती, त्याची माफी मागायला.

मी परिपत्रक काढलं आणि सावळकरांपुढे ठेवलं. त्यांनी ते वाचलं, पेन्सिलीची रेघही पाहिली. म्हणाले, "हे आहे होय आपल्याकडे?" मग दार लोटायला सांगितलं आणि मला बसवलं. एरवी ते मला बसा म्हणत नसत.

त्यांचं म्हणणं साधं होतं. नियम तसा असेल, पण रीत अशी पडली आहे. मागच्या चार वर्षांत तालुक्यात या शेऱ्याने शंभरावर बायकांचं अनुदान थांबलंय. एकीचं सुरू केलं तर उद्या सगळ्या व्हरांड्यात बसतील. समिती विचारेल, जिल्ह्याहून विचारणा येईल, आजवर झोपला होतात का? "आणि तांबट, तुमची तीन वर्षं राहिली नोकरीची. शेरे कोणाच्या अक्षरात आहेत ते आठवतंय ना?"

आठवत होतं. सही त्यांची असली तरी शंभरावर शेरे माझ्या अक्षरात होते. चांगलं अक्षर म्हणून ते काम माझ्याकडे असायचं.

"सर, मग येऊ दे सगळ्यांना," मी म्हणालो.

"काय?"

मला ते पुन्हा म्हणावं लागलं. पहिल्यांदा बहुतेक ओठांबाहेर आलं नसावं. "सगळ्या आल्या तर येऊ देत. नंदा म्हणून एक आहे तिथलीच, तिचंही चुकीने बंद केलंय."

सावळकरांनी परिपत्रक माझ्याकडे परत सरकवलं. मग म्हणाले, "जावक नंबर मिळणार नाही. माझी सही मिळणार नाही. कचेरीच्या कागदावर यातलं एक अक्षर गेलं तर मी तुमच्यावर कारवाई करीन, आणि मला ती करायला आवडणार नाही."

"पत्र घरच्या पत्त्यावर आलं होतं, सर. मी घरून उत्तर देतो."

मी परिपत्रक उचललं. दाराशी पोचलो तेव्हा ते मागून म्हणाले, "तांबट, कादंबऱ्या कमी वाचा जरा." त्यात राग नव्हता. मला वाटतं, त्यांना खरंच माझी काळजी होती.

पुढे काय झालं ते इथेच सांगतो, कारण ते सगळं काही गोष्टीसारखं झालं नाही. मालनने माझं पत्र समितीपुढे ठेवलं आणि मोफत कायदा सल्ला देणाऱ्या वकिलामार्फत कोर्टातही ठेवलं. समितीने तीन बैठका पुढे ढकलल्या. पाच महिन्यांनी तिचं अनुदान सुरू झालं, मधल्या पाच महिन्यांचं मिळालं नाही. कोर्टात मात्र त्या पत्राचा उपयोग झाला. वर्षाला एक मनिऑर्डर आणि तीही तपासणीच्या महिन्यात, हे न्यायाधीशांनी तारखा लावून पाहिलं आणि अंकुशला थकलेली पोटगी भरायला सांगितली, नाहीतर अटक. त्याने निम्मी भरली. उरलेल्या निम्म्यासाठी ती आणखी दोन वर्षं भांडली. रीत लगेच बदलली नाही, पण नंदासह एकोणीस बायका माझ्या पत्राच्या नकला घेऊन आल्या आणि त्यांतल्या चौदांचं सुरू झालं. माझी एक वेतनवाढ थांबली आणि मला अभिलेख कक्षात बसवलं, जिथे जुनं दप्तर आणि कसरीशिवाय कोणी नसे. लोकांना ती शिक्षा वाटली. मी निवृत्त होईपर्यंत तिथे सुखाने वाचत बसलो. आपण शूर झालो असं मात्र मला एकदाही वाटलं नाही. दोन आठवडे आधी दोन ओळी लिहिल्या असत्या तर तिला एक दिवसही व्हरांड्यात बसावं लागलं नसतं.

तर त्या शुक्रवारी मी घरी आलो आणि जेवणाआधीच लिहायला बसलो. पहिल्या खर्ड्यात मी इतकी माफी मागितली होती की नियम शेवटच्या ओळीत आला होता. दुसऱ्यात नियम इतका नीट समजावला होता की तो मलाच कळेना. तिसरा कुसुमला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "त्या पोरीला कळेल असं लिहा. वाचणार तीच आहे."

मग लिहिलं. ते मला आजही पाठ आहे.

"चि. रोहिणी आणि श्रीमती मालन खरमाटे यांस. तुमचं पत्र मला ११ डिसेंबरला मिळालं. मनिऑर्डर घ्यावी आणि घेतल्याचं तहसीलला कळवावं. पोटगी दर महिन्याला नियमित मिळत असल्याची चौकशी केल्याशिवाय निराधारचं अनुदान थांबवता येत नाही. तसं परिपत्रक आहे. त्याचा क्रमांक व तारीख खाली दिली आहे. हे मला पत्र मिळालं त्या दिवशीही माहीत होतं. तुमचं पत्र मीच कचेरीत दाखल केलं, त्यामुळे तुमचं अनुदान बंद झालं. श्री. मुलाणी यांचा यात काही संबंध नाही. हे पत्र कुठेही दाखवायला माझी हरकत नाही. रोहिणी, तू पत्ता बरोबर लिहिला होतास."

शनिवारी नाताळची सुट्टी होती, मग रविवार; सोमवारी सकाळी मी पोस्टात गेलो. साधं पाकीट टाकून घरी येता आलं असतं, पण मला पोचपावती हवी होती. रजिस्टरच्या खिडकीपुढे तिघं होते. माझी पाळी आली तसं वाटलं, एकदा पुन्हा वाचावं, एखादा शब्द जास्त कडक झाला असेल, तारीख चुकली असेल. मागच्या माणसाने खाकरून घाई केली. खिडकीतल्या तरुणाने पाकीट काट्यावर टाकलं आणि उलटून पाहिलं.

"पाठवणाऱ्याचं नाव लिहिलं नाही, काका."

मी लिहिलं, मुरलीधर तांबट. पेन तसंच धरून थांबलो. मग खाली लिहिलं, अव्वल कारकून, आणि त्याच्याखाली घरचा पूर्ण पत्ता.

त्याने तिकिटं लावली, शिक्का मारला, पावती माझ्याकडे सरकवली आणि पाकीट मागे न बघता पोत्यात टाकलं.